आधी नाव विचारायची सवय



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला : इंटरनेटवरच्या चर्चापीठांवरची अनामिकता, तिथल्या मजकुराचं नियमन आणि पोलीस. मी म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. नातू शेजारी बसला तरच माझा संगणक सुरळीत चालतो. (हशा) ते म्हणाले, सर, कायद्याचं वकील सांगतील, तंत्राचं इंजिनिअर सांगतील, तुम्ही त्यातल्या प्रश्नाबद्दल बोला. तेव्हा प्रश्नाबद्दल बोलतो. आणि सुरुवात इंटरनेटपासून न करता एका आंतर्देशीय पत्रापासून करतो.

१९८०च्या दशकातली गोष्ट. मी एका महाविद्यालयात उपप्राचार्य होतो. कोणतं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. माझ्या टेबलावर एक आंतर्देशीय आलं. आत चारच ओळी होत्या. आमचे एक सहकारी मुलींना जर्नल तपासायला एकटं बोलावतात आणि नीट वागत नाहीत, असा मजकूर. खाली सही : एक विद्यार्थिनी. आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणायची नाही खरं तर, पण अक्षर माझ्या ओळखीचं होतं. मीच तिचे ट्युटोरियलचे पेपर तपासत होतो. मी शिपायाकरवी तिला बोलावलं आणि पत्र पुढे धरून विचारलं, "हे तू लिहिलंस का?" ती पत्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही, सर." मी पत्रावर शेरा मारला, 'निनावी, दखल घेण्याचे कारण नाही', आणि ते फाइलला लावलं. पुढच्या वर्षी ती मुलगी कॉलेजात आली नाही. सहा-सात वर्षांनी दुसऱ्या एका मुलीने स्वतःच्या नावाने तक्रार केली, तेव्हा सगळं बाहेर आलं.

मी त्या मुलीला एकच प्रश्न विचारला होता, आणि तो 'कोणी' असा होता. 'काय' हा प्रश्न मी विचारलाच नाही. आज मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे : अनामिक लेखनाच्या बाबतीत आपला समाज आणि आपला कायदा दोघेही हीच चूक करतात. आधी नाव विचारतात, आणि नाव मिळालं किंवा नाही मिळालं की प्रश्न संपला असं समजतात.

आता याच्या विरुद्ध बाजूचा युक्तिवाद आधी नीट मांडायला हवा. तो आपल्याकडे एका म्हणीत मावतो : कर नाही त्याला डर कशाला? ज्याचं म्हणणं खरं आहे त्याने नाव लावावं. लपतो तो चोर. हा युक्तिवाद जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एक कथा सांगतो. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो दिसेनासा होतो. मग तो काय करतो? राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकॉनचं म्हणणं असं, की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांच्यात काही फरक उरणार नाही. माणूस चांगला वागतो तो लोक बघतात म्हणून.

चर्चापीठावर शिवीगाळ वाचली की आपल्याला ग्लॉकॉन पटतो. पण ही उपमा इथे अर्धीच लागू पडते. त्या मेंढपाळाला कोणीच बघू शकत नव्हतं, राजासुद्धा नाही. इंटरनेटवर टोपणनावाने लिहिणारा माणूस फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत नाही. ज्या कंपनीच्या जागेवर तो लिहितो तिच्याकडे त्याच्या जोडणीचा क्रमांक असतो, ज्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. जी कंपनी त्याला इंटरनेट पुरवते तिच्याकडे तो क्रमांक त्या क्षणी कोणाला दिला होता याची नोंद असते. म्हणजे इथे अंगठी उलटी आहे. सामान्य वाचकाला माणूस दिसत नाही, पण राजाला हवा तेव्हा दिसू शकतो. निदान राजाला तसं वाटतं.

वाटतं असं का म्हणतो, त्याचं उदाहरण पुण्याचंच आहे. २००७ सालची गोष्ट. तेव्हा ऑर्कुट नावाचं संकेतस्थळ होतं, तरुण मंडळींमध्ये फार लोकप्रिय. त्यावर समुदाय असत, समुदायात चर्चा चालत, आणि कोणीही कोणत्याही नावाने तिथे येत असे. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर कोणीतरी तिथे टाकला. लोक संतापले. संताप समजण्यासारखा होता. पुणे पोलिसांनी आयपी क्रमांक मिळवला, इंटरनेट कंपनीकडे तो कोणाचा हे विचारलं, कंपनीने नाव दिलं, आणि पोलिसांनी बंगळूरहून एका तरुण संगणक अभियंत्याला उचलून आणलं. तो येरवड्यात ५० दिवस राहिला. नंतर कळलं की कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. त्या मजकुराशी या तरुणाचा काही संबंध नव्हता.

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण त्या मुलाला ऐकवून बघा.

इथे तर्कशास्त्राचा एक साधा मुद्दा आहे. आयपी क्रमांक एका जोडणीचा असतो, माणसाचा नसतो. जोडणीपासून ग्राहकापर्यंत एक पायरी, ग्राहकापासून प्रत्यक्ष टंकणाऱ्या बोटांपर्यंत दुसरी पायरी. घरात पाच माणसं असतात, सायबर कॅफेत पन्नास. आज मोबाइल कंपन्या एकच आयपी क्रमांक एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. वेळेच्या नोंदीत थोडी चूक झाली की भलत्याच्या दारात पोलीस उभे. प्रत्येक पायरीवर पुरावा लागतो, आणि आपण पहिल्याच पायरीवर 'सापडला' असं जाहीर करतो.

आता भाषेकडे वळू. अनामिक हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो. मराठीत मात्र तिन्हींना वेगळे शब्द आहेत. एक निनावी. खाली सहीच नाही. दुसरं टोपणनाव. सही आहे, ती कायम आहे, फक्त जन्मनाव नाही. तिसरा तोतया. तो दुसऱ्याचं नाव घेऊन येतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. निनावी माणूस फक्त एक माहिती देत नाही. तोतया खोटी माहिती देतो, आणि त्यात ज्याचं नाव घेतलं त्याचं प्रत्यक्ष नुकसान असतं. टोपणनावाचा माणूस तर उलट आहे. त्याची त्या नावाखाली पत तयार होते, आणि ती गमावण्याची त्याला भीती असते.

मायबोलीसारखं मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथे वर्षानुवर्षं टोपणनावाने लिहिणारी माणसं आहेत, आणि वाचक त्यांना त्या नावानेच मान देतात किंवा झोडपतात. एकाच माणसाने दोन नावं घेऊन स्वतःच स्वतःची पाठ थोपटली, तर त्याला 'डु-आयडी' म्हणतात. शिवीच आहे ती. (हशा) म्हणजे टोपणनाव चालतं पण सोंग चालत नाही, हा विवेक या मंडळींनी स्वतःचा स्वतः शोधला.

आणि हा विवेक इंटरनेटचा नव्हे. १८४८ साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीने पत्रं यायला लागली. पुढे ती 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली. लिहिणारा पंचवीस वर्षांचा तरुण, गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकर. लिहायचा कोणाविरुद्ध? स्वतःच्याच जातीच्या आंधळ्या रूढींविरुद्ध. त्याला संपादकाने 'आधी खरं नाव छापायला दे' अशी अट घातली असती तर? ती पत्रं आली असती की नाही कोण जाणे. पण लक्षात घ्या, ती पत्रं हवेत तरंगत नव्हती. 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजन होते. ते पत्र वाचत होते, छापायचं की नाही ते ठरवत होते. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण त्याच्या शेजारी एक नाव उघडं होतं.

दुसरं उदाहरण १८९७ चं. 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली. खाली कवीचं नाव नव्हतं, भवानी तलवारीच्या खुणेची सही होती. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे कोण राहिले? टिळक. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. संपादक म्हणून छापलं ते माझं, ही ती भूमिका.

मी त्या काळाची आरती करत नाही. प्रत्येक छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं, हा १८६७ चा कायदा इंग्रजांनी लोकांच्या भल्यासाठी केला नव्हता, नजर ठेवायला केला होता. पण त्यातून एक रचना तयार झाली. अनामिक लेखक आणि सत्ता यांच्यामध्ये एक माणूस उभा असे. त्याने मजकूर वाचलेला असे. तो लेखकाला सांभाळत असे आणि वाचकालाही. चर्चापीठांवर नेमकी ही मधली जागा रिकामी झाली. माझ्या मते खरा बिघाड इथे आहे. अनामिकता तर लोकहितवादींच्या काळापासून आहे.

आता तुम्ही म्हणाल, मॉडरेटर असतो की. असतो. पण त्याची अवस्था बघा. केरळातल्या एका संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ऑर्कुटवर एका राजकीय पक्षाच्या विरोधात समुदाय काढला. त्यात अनेक अनामिक लोकांनी मजकूर टाकला. गुन्हा दाखल झाला ठाण्यात, आणि तो त्या विद्यार्थ्यावर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द करायला नकार दिला. म्हणजे ज्याने फक्त दार उघडं ठेवलं, त्याच्यावर जबाबदारी संपादकाची. पण संपादकाकडे असतात तसे हक्क, अनुभव, वकील यांतलं त्याच्याकडे काय होतं? दुसऱ्या टोकाला, ज्या कंपनीच्या जागेवर हे घडतं तिला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ संरक्षण देतं. आम्ही नुसते वाहक, पोस्टमन, असं ती म्हणू शकते. पोरगा अडकतो, पोस्टमन सुटतो.

आणि नाव लावून लिहिलं म्हणून माणूस सुरक्षित राहतो का? नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर दोन-चार वाक्यं लिहिली. दुसरीने त्याला पसंती दिली. दोघींनीही स्वतःच्या नावाने. दोघींना अटक झाली. ग्लॉकॉनला विचारायला हवं, इथे अंगठी कुठे होती? पुढे श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवलं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचा' असल्या मोघम शब्दांवर माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, असं सांगितलं. त्याच निकालात असंही म्हटलं, की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर काढण्याचं बंधन कंपनीवर येतं, कोणा एकाच्या तक्रारीवरून नाही. निकाल चांगला. पण २०२१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतात हे ऐकून सर्वोच्च न्यायालयालाच धक्का बसला. पुस्तकातला कायदा बदलतो, ठाण्यातली सवय बदलत नाही.

त्याच २०२१ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले. त्यांच्याबद्दल मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत.

पहिली. आदेश आल्यापासून ३६ तासांत मजकूर काढा, असं त्या नियमांत होतं. ५० लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते असतील तर भारतात राहणारा एक अनुपालन अधिकारी नेमा, चुकलं तर खटला त्याच्यावरही. वरवर बघता वाटेल, घ्या, मधला माणूस मिळाला! पण हा माणूस भाऊ महाजन नाही. त्याने काही वाचलेलं नसतं. त्याचं नाव आहे ते फक्त अटक करायला सोयीचं जावं म्हणून. अशा माणसाचा हिशोब सरळ असतो. मजकूर काढला तर कोणी विचारत नाही, ठेवला तर तुरुंगाची भीती. मग तो काय करेल? शंका आली की काढेल. संपादकाची जागा रिकामी राहिली की ती घ्यायला सरकारही पुढे येतं. सरकारी कामकाजाविषयी खरं काय आणि खोटं काय हे सरकारी कक्षाने ठरवावं, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. पण ती करावीशी वाटली, ही गोष्ट उरतेच.

दुसरी गोष्ट, मूळ लेखकाचा शोध. निरोप पोहोचवणाऱ्या मोठ्या सेवांनी, आदेश आल्यास, एखादा संदेश सर्वप्रथम कोणी पाठवला हे सांगता आलं पाहिजे, असा नियम आहे. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. या मागणीच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं ते राईनपाड्याचं उदाहरण. मी ते टाळणार नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. भटक्या समाजातल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. यापेक्षा भयंकर काय असू शकतं?

पण प्रश्न विचारू या. या घटनेत अनामिक कोण होतं? ज्यांनी संदेश पुढे ढकलला त्यांची नावं, फोन नंबर एकमेकांच्या मोबाइलमध्ये होते. मेहुण्याने पाठवला, मित्राने पाठवला, म्हणूनच लोकांनी विश्वास ठेवला. अफवा पसरली ती ओळखीच्या नावांवर. मूळ पाठवणारा सापडला असता तरी तो माणसं मेल्यावर सापडला असता. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. तो उपाय कोणाचंही नाव न विचारता अफवेच्या वेगावर गेला. मी असं म्हणत नाही की त्याने सगळं सुटलं. पण दोन्ही उपायांतला फरक बघा. एक विचारतो काय चाललंय, दुसरा विचारतो कोणी केलं.

आता माझ्याच बाजूवर मला टीका केली पाहिजे. अमर्याद अनामिकतेचे जे भक्त आहेत, त्यांना मी विचारेन : चर्चापीठावर एखाद्या मुलीचा फोटो, पत्ता, घाणेरड्या धमक्या टाकल्या जातात, तेव्हा तिने काय करायचं? 'दुर्लक्ष कर' हा सल्ला देणं म्हणजे माझा १९८०च्या दशकातला शेराच आहे : दखल घेण्याचे कारण नाही. तिथे माणूस शोधलाच पाहिजे, आणि लवकर शोधला पाहिजे. पोलिसांचं काम तेच आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. पहिला प्रश्न, मजकुरात काय आहे? गुन्हा आहे की नुसती न आवडणारी टीका? दुसरा, तो मजकूर वाचून ठेवण्याचा किंवा काढण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि त्याचं कारण त्याने लेखी दिलं का? तिसरा प्रश्न नावाचा. तो न्यायाधीशासमोर, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असताना विचारला जावा. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा हेच सांगितलं : कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा.

आणि अनामिकता कायद्याला परकी आहे असं कोणी म्हणू नये. आपलं मतदान गुप्त असतं. बलात्कारपीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे. दंड संहितेत ते कलम २२८ अ होतं, आता न्याय संहितेत ७२ आहे. म्हणजे जिथे दुबळ्या माणसाने बलवानाविरुद्ध बोलावं असं खरोखर वाटतं, तिथे कायदा स्वतःच नाव झाकतो. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण एक गोष्ट गृहीत धरते, की ज्याच्या हातात दंडुका आहे तो न्यायी आहे. तो न्यायी असेल तर छानच. पण घटना लिहिणाऱ्यांनी तसं गृहीत धरलं नव्हतं.

त्या पत्राकडे परत येतो आणि संपवतो. आज ते पत्र माझ्या टेबलावर आलं तर मी काय करीन, याचा मी खूप विचार केला आहे. मी अक्षर ओळखल्याचं कोणाला कळू देणार नाही. त्या खोलीत एकट्या मुलीला बोलावणं त्या दिवशीच बंद करीन, आणि ती सूचना माझ्या सहीने फलकावर लावीन. दोन प्राध्यापिकांना सांगेन की मुलींशी बोला, कोणाचंही नाव न विचारता. त्या पत्राला नाव नव्हतं, म्हणून ते माझं व्हायला हवं होतं. मधला माणूस मी होतो, आणि मी तिला उघडं पाडलं.

ती आज कुठे आहे मला माहीत नाही. साठीच्या आसपास असेल.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून पाठवा. खाली नाव घातलं नाहीत तरी चालेल, मी वाचीन.